ताईची उडी

अस्थिघनतेच्या तपासणीचा कागद वाचून डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि "लहानपणी खेळत होतात का हो?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर सुचण्याआधीच, शाळेच्या तांबड्या मातीच्या मैदानावर रिबाउंडसाठी दोन्ही हात उंचावून झेपावलेली ताई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

बास्केटबॉलच्या नित्य सरावाने हृदयाचा एकेक ठोका अधिक रक्त पुढे लोटू लागतो, म्हणून विश्रांतीतील नाडी मंदावते. आणि उडीवरून उतरताना पायांच्या हाडांवर देहाच्या वजनाच्या कैक पट भार पडून, त्या आघाताला उत्तर म्हणून हाड आपली घडण बदलते, विशेषतः वयात येण्याच्या सुमारास. भाराप्रमाणे हाड घडते हा सिद्धान्त युलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. आदल्याच डिसेंबरात जेम्स नेस्मिथने अमेरिकेतील स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या दहा फुटांवर टांगल्या होत्या. लगोलग सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ स्मिथ कॉलेजातील मुलींना दिला, पण मैदानाचे तीन भाग पाडून, जिने तिने आपल्याच हद्दीत राहावे या अटीवर. कारण सबंध मैदान धावणे स्त्रीदेहाला झेपणार नाही, अशी त्या काळची समजूत होती.

आमच्या घरची हद्द याहून आखूड होती. ताई ऋतुप्राप्त झाली आणि उड्यांनी पोरीचे गर्भाशय सरकते असे फर्मान एका वडीलधाऱ्यांनी काढले, ते कोणीही रद्द केले नाही. माझ्या वेळेपर्यंत त्यांची परगावी बदली झाली होती, एवढ्यावरच मी खेळत राहिले. त्या गृहस्थांना मी आजतागायत क्षमा केलेली नाही.

खेळाने मला दुखणीही दिली. घोटा कायमचा सैल आहे, जिना उतरताना गुडघ्याची वाटी ठणकते. पण गेल्या वर्षी न्हाणीघरात नुसता पाय घसरून खुब्याचे हाड मोडले ते ताईचे, जिची उडी आम्हा सर्वांहून उंच होती. त्या फर्मानामुळेच ते मोडले असे म्हणण्याचा अधिकार मला नाही; तरी रुग्णालयात तिच्या उशाशी बसले असता दुसरा विचार मनात येत नव्हता.

ताई मात्र असल्या हिशेबात पडत नाही. नातीला रोज संध्याकाळी मैदानावर धाडण्याचा आग्रह तिचाच, आणि परवा तिला जवळ बोलावून, वॉकरच्या दांड्या घट्ट धरून ती म्हणाली, "चेंडू मिळो न मिळो, उतरताना गुडघे वाकव."