पाठराखा

लढाई जिंकून परतणाऱ्या सरदाराचे पोवाडे गावोगावी गाइले जातात. परंतु ज्या रात्री शत्रू तटापर्यंत येऊन तसाच माघारी फिरला, त्या रात्री बुरुजावर जागत उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. त्या रात्री काही घडलेच नाही, असे लोक म्हणतात. काही घडले नाही, हीच त्या पहारेकऱ्याची कामगिरी असते.

फुटबॉलच्या पटांगणावर बचावपटूची स्थिती अशीच असते. प्रेक्षकांची दृष्टी चेंडूबरोबर प्रतिपक्षाच्या गोलाकडे धाव घेते. गोल झाला की जयघोष होतो आणि तो करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. मागे गोल राखीत उभा असलेला खेळाडू कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रगतिपुस्तकात शून्य मिळाले तर विद्यार्थ्याची मान खाली जाते. बचावपटूला मात्र प्रतिपक्षाच्या नावापुढील शून्य म्हणजे पैकीच्या पैकी गुण. अशा शून्यासाठी आयुष्यभर झटणाऱ्या खेळाडूंपैकी एक म्हणजे पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९७१ रोजी पोर्तो या शहरी झाला. पोर्तुगालच्या उत्तर भागात, दौरो नदी जेथे अटलांटिक महासागरास मिळते तेथे हे जुने शहर वसलेले आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालणारा तेथील पोर्तो क्लब हा नगरवासीयांच्या अभिमानाचा विषय. किशोरवयातच कोस्टा या क्लबमध्ये आले. धिप्पाड शरीर, निर्भय वृत्ती आणि अंगावर येणाऱ्या खेळाडूपुढे पाऊल मागे न घेण्याचा निश्चय, हे त्यांचे भांडवल होते. चाहत्यांनी त्यांना प्रेमाने ‘बीशू’, म्हणजे जनावर, असे नाव दिले.

१९९१ मध्ये वीस वर्षांखालील खेळाडूंची विश्वचषक स्पर्धा पोर्तुगालमध्येच भरली. ३० जून रोजी लिस्बन येथे, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, यजमानांची गाठ बलाढ्य ब्राझीलशी पडली. जादा वेळ खेळूनही एकाही पक्षास गोल करता आला नाही. अखेर पेनल्टी शूटआउटमध्ये पोर्तुगालने ४–२ असा विजय मिळविला. त्या विजयी संघाच्या बचावफळीत एकोणीस वर्षांचे कोस्टा होते. पुढे ते पोर्तो क्लबच्या बचावाचे आधारस्तंभ झाले. १९९५ ते १९९९ अशी सलग पाच वर्षे क्लबने देशाचे विजेतेपद राखले आणि कालांतराने कर्णधारपदाची पट्टी कोस्टा यांच्या दंडावर आली.

परंतु माणसाची परीक्षा केवळ प्रतिपक्षच घेतो असे नाही. २००१ साली एका सामन्यात प्रशिक्षकाने त्यांना खेळ चालू असतानाच बाहेर बोलावले. रागाच्या भरात कोस्टांनी दंडावरची ती पट्टी काढून भिरकावून दिली. इतरांचे हल्ले थोपविणाऱ्या या माणसाला त्या क्षणी आपला राग मात्र थोपविता आला नाही. संघातील त्यांचे स्थान गेले. ज्या क्लबसाठी त्यांनी घाम गाळला, त्याच क्लबने त्यांना हंगामाच्या मध्यास लंडनच्या चार्लटन क्लबकडे उसने खेळाडू म्हणून पाठविले. तिशीतल्या खेळाडूस हा धक्का लहान नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध केले. तेथील प्रेक्षक त्यांना ‘टँक’, म्हणजे रणगाडा, म्हणू लागले.

पुढच्या वर्षाने आणखी एक घाव घातला. ५ जून २००२ रोजी दक्षिण कोरियातील सुवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत पोर्तुगाल अमेरिकेविरुद्ध खेळत होता. एका अमेरिकन खेळाडूने बाजूने मारलेला चेंडू कोस्टांच्या अंगाला लागून त्यांच्याच गोलात शिरला. पोर्तुगाल ३–२ असा हरला आणि पुढे पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर पडला. बचावपटूने अडविलेले शंभर चेंडू विसरले जातात. न अडलेला एक मात्र इतिहासात नोंदला जातो.

अशा वेळी दुसरा एखादा खचून गेला असता. कोस्टा त्या वर्षी पोर्तोला परतले. नवे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि भिरकावलेली पट्टी पुन्हा त्यांच्या दंडावर आली. या वेळी तिचे मोल त्यांना अधिक कळले असले पाहिजे. २१ मे २००३ रोजी स्पेनमधील सेव्हिल येथे सेल्टिक संघाला जादा वेळेत ३–२ असे हरवून पोर्तोने यूएफा चषक जिंकला. पुढच्याच वर्षी, २६ मे २००४ रोजी, जर्मनीतील गेल्झेनकिर्खेन येथे मोनाको संघाचा ३–० असा पराभव करून पोर्तो युरोपचा विजेता ठरला. दोन्ही चषक कर्णधार कोस्टांच्या हाती आले. त्या अंतिम सामन्याच्या नोंदीत कार्लोस आल्बेर्तो, देको आणि आलेनिचेव या तिघांची नावे गोल करणारे म्हणून आहेत. परंतु त्यातील शून्य कोणाचे? ते शून्य गोलरक्षकाचे, बचावफळीचे आणि तिच्या मधोमध उभ्या असलेल्या कर्णधाराचे होते.

२००६ मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली व ते प्रशिक्षक झाले. बचावपटू सर्वांच्या मागे उभा असतो. प्रशिक्षक त्याहूनही मागे, रेषेबाहेर उभा राहतो. त्याला चेंडूस स्पर्शही करता येत नाही. कोस्टांच्या मार्गदर्शनाखाली दक्षिण किनाऱ्यावरील ओल्हाओ या गावचा संघ २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत अव्वल ठरला आणि तीन दशकांहून अधिक काळाने वरच्या श्रेणीत परतला. नंतर त्यांनी रुमानिया, सायप्रस अशा देशांत काम केले आणि आफ्रिकेतील गॅबॉनच्या राष्ट्रीय संघाची धुराही वाहिली.

२०१८ मध्ये ते मुंबई सिटी संघाचे प्रशिक्षक म्हणून आपल्या मुंबईत आले. त्या हंगामात त्यांच्या संघाने उपान्त्य फेरी गाठली. ९ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, गोव्याच्या संघाने मुंबईचा ५–१ असा धुव्वा उडविला. तीन दिवसांनी गोव्यात परतीचा सामना होता. एवढी पिछाडी भरून निघणे जवळजवळ अशक्य होते. मनाने हरलेला संघ तेथे पुन्हा कोलमडला असता. परंतु मुंबईचे खेळाडू निर्धाराने खेळले आणि त्यांनी तो सामना १–० असा जिंकला. एकूण गोलांच्या हिशेबात ते स्पर्धेबाहेर गेले खरे. पण त्या दिवशी गोव्याच्या नावापुढे शून्य होते.

२०२० मध्ये मुंबई सोडल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. २०२४ मध्ये पोर्तो क्लबने त्यांना व्यावसायिक फुटबॉलचे संचालक म्हणून परत बोलाविले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी, क्लबच्या सराव केंद्रावर असतानाच, त्यांना हृदयविकाराने गाठले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. वय होते त्रेपन्न. ज्या क्लबचा गोल राखण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्याच्याच सेवेत असताना त्यांनी जगाचा निरोप घेतला.

देशासाठी ५० सामने आणि त्यांत २ गोल, एवढीच नोंद त्यांच्या नावापुढे आढळते. त्यांनी अडविलेल्या गोलांची गणती मात्र कोणत्याही वहीत नाही.