अठराव्या वर्षानंतरची सही

अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली ती घरातले माणूस गमावलेल्यांच्या बळावर. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या ब्रायन मॅलमनने २००० साली आत्महत्या केली. त्याची धाकटी बहीण ॲलिसन तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होती. तिने तिथे विद्यार्थ्यांचा गट सुरू केला आणि २००३ मध्ये त्यातूनच ‘ॲक्टिव्ह माइंड्स’ ही राष्ट्रीय संस्था आकाराला आली. ‘जेड फाउंडेशन’च्या मागेही मुलगा गमावलेले आईवडील आहेत. तत्कालीन सिनेटर गॉर्डन स्मिथ यांचा विद्यार्थिदशेतला मुलगा गॅरेट २००३ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाचा कायदा झाला आणि आत्महत्या-प्रतिबंधाच्या कामासाठी महाविद्यालयांना केंद्रीय अनुदान मिळू लागले.

या चळवळीच्या परिषदा मोठ्या शहरांत भरतात, तशा गावोगावी लहान प्रमाणातही भरतात. प्रस्तुत लेखिकेने अनुभवलेली परिषद टेक्सासमधील फ्रिस्कोची. डॅलसच्या उत्तरेचे हे शहर २००० साली जेमतेम ३३ हजार वस्तीचे होते. २०२० च्या जनगणनेत ते दोन लाखांवर गेले. या वाढीत भारतीय कुटुंबांचा वाटा मोठा आहे आणि मराठी घरेही पुष्कळ आहेत. सुबत्ता हे कवच नव्हे, हे या भागाला फार पूर्वी कळले आहे. शेजारच्या प्लेनोमध्ये १९८३-८४ साली किशोरवयीन मुलांच्या आत्महत्यांची मालिकाच घडली होती.

सभागृहात मराठी माणसे दोन प्रकारची होती. एक, इथेच वाढलेल्या मुलांचे आईवडील. दुसरे, रिचर्डसन, डेंटन, आर्लिंग्टन इथल्या विद्यापीठांत एमएस करायला आलेली, घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर शिकणारी मुले. स्वागताला उभ्या असलेल्या विद्यार्थिनीच्या गळ्यातले ओळखपत्र उलटे झाले होते. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ९८८ हा आकडा होता. मानसिक संकटात चोवीस तास मदत देणारा हा तीन आकड्यांचा क्रमांक जुलै २०२२ पासून सगळ्या देशात लागू आहे.

सर्वांत अवघड सत्र संवादाचे ठरले. विद्यार्थी-स्वयंसेवकांनी मुलांची भूमिका घ्यायची आणि पालकांनी घरी बोलतो तसे बोलायचे. लेखिकेसमोरचा मुलगा म्हणाला, “आई, हल्ली सकाळी उठावंसंच वाटत नाही.” लेखिकेच्या तोंडून क्षणात निघाले, “अरे, रात्री दोन-दोनपर्यंत जागतोस, मग काय होणार? नीट जेवतोस ना?” मुलगा गप्प झाला. त्या गप्प होण्यात अभिनय किती होता, हे सांगता येत नाही. सत्र घेणाऱ्या समुपदेशक बाईंनी पुन्हा सुरुवात करायला लावली. या वेळी लेखिकेने फक्त “कधीपासून होतंय असं?” एवढेच विचारले आणि ती थांबली. मुलगा बोलू लागला.

पुढची पायरी थेट प्रश्नाची होती. “जीव द्यावासा वाटतो का?” हे वाक्य मराठीत उच्चारताना सभागृहातल्या बहुतेकांची जीभ अडखळली, इंग्रजीत ते सोपे जात होते. असे विचारल्याने मनात नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट, विचारल्याने बोलायला वाट मिळते. “टेन्शन घेऊ नकोस” हे आपल्या घरांतले प्रेमाचे वाक्य आहे, पण त्याने मूल बोलायचे थांबते.

त्यानंतरचे सत्र कायद्याचे होते आणि पालकांना खरा धक्का तिथे बसला. १९७४ च्या कायद्यानुसार मूल महाविद्यालयात गेले की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. जिवाला धोका असेल तर विद्यापीठ घरी कळवू शकते, पण एरवी फी भरणाऱ्या बापालाही माहिती मिळेलच असे नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दवाखान्याचे कागदही मुलाच्या संमतीशिवाय उघडत नाहीत. उपाय साधा आहे: मुलाने स्वखुशीने दिलेले संमतिपत्र आणि वैद्यकीय निर्णयांसाठीचे अधिकारपत्र. सही मुलाची लागते, म्हणजे विश्वास आधी कमवावा लागतो.

भारतातून आलेल्या मुलांची भीती वेगळी असते. आजारपण सांगितले तर व्हिसा जाईल, या समजुतीने अनेक जण तोंड उघडत नाहीत. प्रत्यक्षात एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला आजारपणासाठी कमी विषय घेण्याची किंवा गरज पडल्यास एकही न घेण्याची मुभा आहे. एका पदवीपातळीवर एकूण बारा महिन्यांपर्यंत. त्यात मानसिक आजारही येतो. परवानाधारक डॉक्टरचे किंवा मानसशास्त्रज्ञाचे पत्र लागते, आणि विषय सोडण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. आधी विषय सोडून मग कार्यालयात गेले तर मात्र व्हिसा खरोखर अडचणीत येतो. हे दोन मिनिटांचे ज्ञान विमानात बसण्याआधी मिळायला हवे.

विद्यार्थ्यांनी आग्रह धरला की नियम बदलतात. येल विद्यापीठाविरुद्ध विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये दावा लावला. २०२३ च्या तडजोडीने वैद्यकीय रजेचे नियम सैल झाले आणि तातडीची गरज असलेल्यांना अर्धवेळ शिकण्याची सोय मिळाली.

महाराष्ट्राला या कामाची गरज अधिक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्था १९९० पासून काम करत आहेत. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील आत्महत्यांबाबत राष्ट्रीय कृतिदल नेमले. तरीही विद्यार्थ्यांनी स्वतः उभ्या केलेल्या संघटना आपल्या महाविद्यालयांत अपवादानेच दिसतात.

ज्यांच्या घरातून यंदा कोणी शिकायला बाहेर पडणार आहे, त्यांनी बॅग भरण्याआधी एक संध्याकाळ या बोलण्यासाठी काढावी. मदतीसाठी क्रमांक: अमेरिकेत ९८८, भारतात ‘टेलि-मानस’चा १४४१६, हा दुसरा क्रमांक मराठीतूनही बोलतो.