बाबा की गिअरबॉक्स?

आमच्या घरात दोन निदानं एकाच वेळी चालू होती. गाडीचं आणि बाबांचं.

मुलुंडहून घाटकोपरला जाताना एलबीएस रोडवर सिग्नल सुटला की गाडी अधूनमधून आपोआप न्यूट्रलला जायची. इंजिन नुसतंच गुरगुरायचं आणि मागे बेस्टची बस हॉर्न मारत उभी. काकांचं मत तयार होतं, "दादाचाच हात लागत असेल लिव्हरला. सत्तरी आली, आता पुरे." आईने गाडीत बसणं बंद केलं. डाव्या गुडघ्यामुळे क्लच दाबवेना म्हणून तर ही बिनक्लचची गाडी घेतलेली. ती गेली असती तर बाबांचं एकट्याने बाहेर पडणंच संपलं असतं.

एका गॅरेजने अख्खा अ‍ॅक्च्युएटर सेट बदलायला सांगितला. आकडा पन्नास हजारांच्या वर. मी ब्लूटूथवाला स्कॅनर लावला. कोड आला पी०७००. म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी तक्रार नोंदवली आहे, एवढंच. आमच्या धंद्यातला 'एरर ५००'. कुठे फुटलंय ते लॉगमध्ये बघा, आणि तो लॉग माझ्या स्वस्त स्कॅनरला दिसत नव्हता.

यूट्यूब म्हणतं, तेलाचा रंग बघा, जळका वास येतो का बघा. ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकसाठी. आपल्याकडे २०१४च्या सेलेरिओपासून रुळलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्र करतं. आमच्या गाडीत छोटा इलेक्ट्रिक पंप तेलाला दाब देतो, तो दाब अ‍ॅक्युम्युलेटर नावाच्या गोळ्यात साठतो (आत रबरी पडदा, पलीकडे नायट्रोजन) आणि त्यावर क्लच हलतो. पडदा गेला की दाब टिकत नाही. मग ट्रॅफिकमध्ये पाठोपाठ गिअर बदलताना तो पुरत नाही आणि कंट्रोलर न्यूट्रल करून मोकळा होतो.

हे शोधावंसं वाटलं ते बाबांच्या एका वाक्यामुळे. "दार उघडल्यावर ते गुंऽऽ व्हायचं ना, ते हल्ली सिग्नललाही सारखं होतं." स्कॅनरपेक्षा हा कोड कितीतरी नेमका.

आधी बॅटरी तपासली, कारण व्होल्टेज कमी असलं तरी अशीच नाटकं होतात. ती ठणठणीत. मग सोसायटीच्या आवारात इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून बाबा ब्रेक दाबून न्यूट्रल-पहिला-न्यूट्रल करत राहिले आणि मी बॉनेटपाशी पंपाचा आवाज मोजला. भांडुपच्या मेकॅनिकच्या हिशोबाने चांगल्या गोळ्यावर चार-पाच शिफ्ट निघायला हव्यात. आमचा पंप प्रत्येक शिफ्टला लागत होता.

त्याने मोठ्या स्कॅनरवर दाब झरझर उतरताना दाखवला, गोळा बदलला, क्लचचं कॅलिब्रेशन केलं. खर्च त्या सेटच्या पाव भागाहून कमी. शनिवारी आई पुढच्या सीटवर बसून मावशीकडे गेली.

क्लच प्लेट मात्र बरीच झिजली आहे म्हणे. पुलाच्या चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवायची, ही बाबांची मॅन्युअलच्या काळातली सवय. त्यावर आमची वाटाघाट अजून चालू आहे.