बावखलातला अकरावा

भात झोडून झालं की आमच्या वाडीला मैदान मिळायचं. धसकटं उपटायची, मधल्या पट्ट्यावर पाणी मारून चोपण्याने ठोकायचं, झालं पीच. बांधापलीकडे गेला की चौकार. संघ निवडायचा प्रश्नच नव्हता. वाडीत जेवढी पोरं तेवढा संघ, आणि तीही कशीबशी अकरा भरत.

बाहेरचा खेळाडू चालत नसे. जावई आणि भाचा मात्र चालायचा. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत स्पर्धा लागल्या की गावोगाव भाच्यांचं पीक यायचं. एका संघाच्या फास्ट बोलरला तर मामाचं नावच सांगता येईना! म्हणजे चांगले खेळाडू गोळा करायची हौस तेव्हाही होती, खिशात पैसे नव्हते एवढंच.

खरी गुणी पोरं सकाळच्या लोकलने चर्चगेटच्या दिशेने जायची. पालघरजवळच्या माहीमच्या शार्दूल ठाकूरला दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या शाळेत नेलं. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढल्या, त्या वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डकडून. त्याआधी सचिन वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला होता. १९८८ची ती ६६४ धावांची भागीदारी मग त्याच शाळेकडून खेळताना झाली.

आता गाडी उलटी धावते. संध्याकाळी किटबॅगा घेऊन पोरं विरारला उतरतात, कारण इथे फ्लडलाइटखाली टेनिस क्रिकेट असतं. संघमालक, लिलाव, आयकॉन खेळाडू, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, सगळं आहे. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलचीच आयएसपीएल सुरू झाली, तेव्हा खेळाडू घ्यायला एकेका संघाकडे एक कोटी रुपये होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या वाडीच्या नावाच्या संघात वाडीतला एकही नव्हता. चौघे नामांकित एकाच संघात. खेळ आमच्यापेक्षा दसपट सरस, हे कबूल. टेनिस बॉलचा तसला यॉर्कर आम्हाला दिसलाही नसता. पण समोरच्यांची दया येत होती.

भाचा म्हणाला (हा खराखुरा भाचा), बास्केटबॉलमध्येही असंच. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश मायामीत ड्वेन वेडला जाऊन मिळाले. मात्र पहिल्याच मोसमाची फायनल ते डॅलसकडून हरले. ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

आमचा अकरावा कोण होता सांगतो. त्याला ना बॅटिंग येई, ना बोलिंग. पण लेग साइडला बावखल, म्हणजे वाडीचं छोटं तळं, होतं आणि टोलवलेला चेंडू हमखास त्यात जायचा. चेंडू एकच. हा काठावरच फिल्डिंगला उभा असायचा, शर्ट आधीच काढून. चेंडू पडला रे पडला की सूर मारायचा, वर यायचा, चेंडू चड्डीला पुसायचा आणि ओरडायचा, "पुढचा टाक!"

ते बावखल केव्हाच बुजलं. तिथे आता सात मजले आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर तोच राहतो.