कुंपणावरची कोरांटी

दसरा सरतो, पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागतं आणि कुंपणाशी कोरांटीला जाग येते. वर्षभर ती तिथेच असते. कंबरभर उंचीची, गर्द हिरवी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. उन्हाळ्यात मोगऱ्याचे लाड होतात, पावसात तेरडा मिरवतो, तेव्हा हिच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही. मग थंडी पडते, बाकीची बाग दमल्यासारखी दिसू लागते आणि ही एका सकाळी अंगभर फुलून येते. कुठे पांढरी, कुठे जांभळी, कुठे पांढऱ्यावर जांभळ्या पट्ट्यांची. पिवळी मात्र माळरानावरची, काटेरी. वज्रदंती म्हणतात ती हीच.

एखादं फूल जवळून बघावं. बाहेरची दोन हिरवी दलं जाळीदार, कडांना बारीक दाते असलेली. त्यांच्या मिठीतून एक लांब नळी वर येते आणि पाच पाकळ्यांनी उघडते. आत दोन पुंकेसर जरा पुढे डोकावतात. फूल हलकेच ओढलं की नळीसकट हातात येतं. तीच नळी देठाच्या कामी येते, म्हणून वेणीत कोरांटी छान बसते, अबोलीशेजारी तर फारच. दोघी एकाच कुळातल्या, दोघींनाही वास नाही. अडुळसाही त्याच घरचा.

वास नाही म्हणून कोरांटीला कमी लेखणारे भेटतात. मला वाटतं, तिचा बिनवासाचा रंगच थंडीला शोभतो. कोवळ्या उन्हात ती जांभळी फुलं बघत चहाचा कप गार होऊ द्यावा, यापरतं सुख नाही. खाली गळालेल्या फुलांचा सडा पडलेला असतो आणि वर नव्या कळ्या तयार असतात. पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या तिची पानं कुरतडतात. कुरतडू द्यावीत, तिला काही फरक पडत नाही.

तिचं मागणंही थोडकं. ऊन हवं, पाण्याचा निचरा हवा, आणि बहर ओसरला की निर्दयपणे छाटणी हवी. दया दाखवली तर ती लांबट, विरळ होते. छाटली की पुढच्या थंडीत दाट फुलते.

यंदा पाऊस लागला की कुणाच्या तरी कुंपणावरची वीतभर काडी मागून आणा आणि ओल्या मातीत खोचा. कोरांटीची काडी नाकारणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.