मासी रस्त्यावरचा चित्तिरै रथ

मदुराईत मीनाक्षी मंदिराभोवतीच्या चौकोनी रस्त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत. आत आडी, मग चित्तिरै, आवणी मूल आणि त्याबाहेर मासी. पण चित्तिरैत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, मीनाक्षी-सुंदरेश्वराचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी रथ फिरतात ते मासी रस्त्यांवरून. हा विवाहोत्सव मुळात मासीतला, फेब्रुवारी-मार्चमधला. तो राजा तिरुमलै नायकाने (राज्यकाल १६२३–१६५९) पुढे नेला, असं इथे सांगतात. मासीत भाताची कापणी-मळणी चालू असायची, आणि अवजड रथ ओढायला तर हजारो हात हवेत. चित्तिरैत रानं मोकळी आणि कणग्या भरलेल्या.

राजाचा हिशेब एवढाच नसावा. त्याने राजधानी तिरुचिरापल्लीहून मदुराईला आणली. शहर शिव-मीनाक्षीचं, तर भोवतालच्या खेड्यांत, विशेषतः कळ्ळर समाजात, मान अळगरचा. उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी अळगर कोविल आहे. तिथला हा विष्णू कळ्ळराचा वेश करून निघतो, वाटेत शेकडो मंडपांत थांबतो आणि चित्रापौर्णिमेला सोन्याच्या घोड्यावरून वैगै नदीत उतरतो. कातडी पिशवीला बारीक नळी लावून भक्त त्याच्यावर पाणी उडवतात. त्या उन्हात गर्दीलाही ते हवंच असतं. पूर्वी तो तेनूर गावाशी नदीत उतरे. मदुराईचा घाट त्याला नायकाच्या काळात मिळाला, असं मानतात. म्हणजे लग्न आणि अळगरची स्वारी हे दोन उत्सव एकाच महिन्यात, एकाच शहरात जुळले.

हे सगळं ऐकीव आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तच आहे. पण दोन उत्सव जोडल्याचा सांधा आजही उघडा दिसतो. पुराणकथेनुसार अळगर येतो तो दुर्वासाच्या शापाने बेडूक झालेल्या मंडूक ऋषीला सोडवायला. त्या कथेत लग्नाचा संबंध नाही. लोक मात्र म्हणतात, तो बहिणीच्या, म्हणजे मीनाक्षीच्या, लग्नाला निघाला, उशीर झाला, लग्न उरकल्याचं नदीवरच कळलं, आणि रुसून शहरात पाऊल न टाकता वंडियूरकडे वळला. गंमत अशी, की मंदिरातल्या विधीत कन्यादान करणारा विष्णू तिरुप्परंकुंड्रमहून अगदी वेळेवर हजर असतो. म्हणजे भावाची जागा आधीच भरलेली होती. अळगरसाठी नवं नातं जुळवावं लागलं.

मग हा उत्सव निव्वळ राजकारण ठरतो का? मला तसं वाटत नाही. राजाच्या हाती फार तर तिथी आणि मार्ग. रुसवा हुकुमाने घालता येत नाही, तो लोकांनी घातला, आणि त्यामुळे दोन्ही दैवतं एकाच उत्सवात असूनही एकमेकांना भेटत नाहीत. खेड्याने शहराशी सोयरीक मान्य केली, पण आपला देव काही शहराच्या देवळात नेऊन बसवला नाही. शेतकऱ्याची नजर तर लग्नापेक्षा अळगरच्या वस्त्रावर असते. पेटीत हात घालून पुजारी जे रेशीम काढेल ते देवाला नेसवतात. हिरवं निघालं तर पाऊस-पीक चांगलं, असा समज. नदीला या दिवसांत बहुधा पाणी नसतं. म्हणून देव उतरण्याआधी १९५९ साली झालेल्या वैगै धरणातून ते सोडतात, म्हणजे उत्सवाची सोय लावण्याचं नायकाचं काम आता सरकारकडे आलं आहे.