गुंठ्याचा हिशोब

श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना तिचं कौतुक सांगायला नको. तिथल्या वाड्यांत भर दुपारी गेलं तरी ऊन कसं ते लागत नसे. उंच पोफळी, मध्ये मध्ये माड, पोफळीवर चढवलेले मिरवेल, खाली जायफळ. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं, वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर, आणि काही तासांत डोक्यावरची ती सावली गेली.

सरकारने फळबागांची भरपाई हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरं वाटतं, पण मंडळी, कोकणात वाडी हेक्टरात मोजतंय कोण? ती गुंठ्यांत! एका हेक्टरात साधारण १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. दहा गुंठेवाल्याला पाच हजार. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. ओरड झाली, तेव्हा पुढे झाडागणिक मदत ठरली. असो.

निदान वाडीवाल्याच्या नावाचा सातबारा असतो, म्हणून पंचनामा तरी होतो. पण वाडी शिंपायला येणारा गडी, पोफळीवर चढणारा, सुपारी सोलायला बसणाऱ्या बायका, झावळ्यांचे हीर काढून खराटे वळणारी म्हातारी... यांचं काय पडलं? झाड त्यांचं नव्हतंच. पडली ती मजुरी, तीही पुढच्या पाच-सहा वर्षांची. पडलेली झाडं तोडून उचलायचं काम किती दिवस पुरणार? त्यात करोनाचे दिवस. मुंबईला कामाला गेलेले मुलगेच हात हलवत गावी आलेले.

एका वादळाकडे बोट दाखवून 'हे हवामान बदलामुळेच' असं शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. पण अरबी समुद्र तापतोय हे मोजलेलं आहे, आणि वादळं गरम पाण्यावरच पोसतात. आमच्या लहानपणी वादळ म्हटलं की बंगालचा उपसागर, ओरिसा, आंध्र. आता ओळीने पाहा: ऑक्टोबर २०१९ ला 'क्यार', मग 'निसर्ग', मे २०२१ ला 'तौक्ते'. क्यार तर आपल्या किनाऱ्याला लागलंही नाही, तरी ऐन हंगामात होड्या बंदरात उभ्या. होडीच गेली नाही तर खलाशाला काय मिळणार?

आणि वादळच यायला हवं असंही नाही. अवेळी एक सर आली की वाळत घातलेले बोंबील, सुकट भिजून जातात. कोळणीने पहाटे लिलावात रोख मोजून घेतलेला माल तो, बऱ्याचदा उसन्या पैशाने. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा तिचं घर याच सुक्या मासळीवर चालतं. पण वाळूवर पसरलेल्या मासळीला कसला सातबारा!

पंचनाम्याच्या कागदावर 'या वाडीत मजुरीला कोण कोण येत होतं' एवढा एक रकाना वाढवायला तलाठ्याची किती शाई लागेल? नावं सगळ्या गावाला पाठ असतात.